या महिन्याची वाणसामानाची यादी

ती. आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

आधीच सांगून टाकते, म्हणजे परवा दुकानातला पोरगा सामान घेऊन आला की बाबा त्याच्यावर डाफरणार नाहीत. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. शेठना फोन करून या महिन्याची यादी मीच बदलून घेतलीय. साखर 5 किलोऐवजी 2 किलो. तेलाचा 5 लिटरचा डबा बंद, त्याजागी लिटर-लिटरच्या दोन पिशव्या. खारी, टोस्ट, क्रीमची बिस्किटं आणि फरसाण काढलं. मालदांडी ज्वारी, नाचणी, हुलगे, मटकी, फुटाणे आणि वरी घातली. पैसे मी पाठवलेत, त्यावरून वाद नको.

विचारलं का नाही, असं आई म्हणणार. विचारलं असतं तर तू 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणाली असतीस आणि बाबांनी फोन टीव्हीजवळ ठेवून दिला असता. बापूकाकांच्या वेळचं 'बघू' तुम्हा दोघांनाही आठवत असेल, जास्त लिहीत नाही. पुण्यात बसून तुमच्या डब्यांत हात घालणं मलाही बरं वाटत नाही. दादा तिकडे लांब, मी अशी. रोज येऊन बघता येत नाही, म्हणून यादीतून लुडबुड करते.

बाबा, तुमची तीन महिन्यांची साखर 8.2 आली. तपासणीच्या आधी चार दिवस गोड सोडून तुम्ही साधू झाला होतात, हे आईने सांगितलं. पण ती तपासणी तशी फसत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि तेवढ्या दिवसांत अंगात किती साखर फिरली, ते त्यांच्यावर चिकटून राहतं. त्यामुळे संक्रांतीचं सगळं तिथे लिहिलेलं होतं. अगदी शेंगापोळ्यांसकट.

साखर 2 किलोच का, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या शिफारशींत माणशी दिवसाला 25 ग्रॅमच्या आत साखर सांगितलीय. दोघांचं महिन्याचं दीड किलो होतं. वरचं अर्धा किलो पाहुण्यांचं, म्हणजे मी मनाने हात सैलच सोडलाय. खरं तर बाबांनी त्याहूनही कमी खायला हवी. दोन चमचे घातलेला चहा दिवसातून चार वेळा, म्हणजे नुसत्या चहातच 30-40 ग्रॅम जाते. आणि बाबा, गुळाचा चहा 'चालतो' हे तुम्हाला कोणी सांगितलं? कोल्हापूरचा असो की घरच्या ओळखीचा, गूळ म्हणजेही बहुतांशी साखरच. रक्तात गेल्यावर रंग कोण विचारतो! मधाचंही तेच. सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू घेऊन चरबी वितळते, हे सोसायटीच्या ग्रुपवर रोज येतं. पाणी प्या, लिंबू पिळा, मध राहू दे.

तेवढ्यावरून घाबरून जाऊ नका. सकाळचा पहिला चहा आहे तसाच राहणार, आल्याचा, तुमच्या त्या कानतुटक्या कपात, फक्त साखर अर्धा चमचा. वरणावर तुपाचा चमचा राहणार. थंडीत हुरडा होणार. दिवाळीला अनारसे होणार, त्यांना हात लावायची माझीही हिंमत नाही.

शेंगाची चटणी तर राहिलीच पाहिजे. शेंगदाण्यात 100 ग्रॅमला 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि या वयात मांड्या-दंडांचं मांस टिकवायला ती लागतात. पण त्याच 100 ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर कॅलरीही असतात. म्हणून दोन चमचे, आणि वरून कच्चं तेल न ओतता दह्यात कालवून. तेलाच्या एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी, पिठाच्या त्याच्या निम्म्याहूनही कमी. दोन लिटर म्हणजे माणशी दिवसाला 30 ग्रॅम, फोडणी चांगली चरचरीत होते तेवढ्यात. मी करून बघितलंय.

आई, आता तुझं. तू जाड आहेस असं कोणी म्हणत नाहीये, डॉक्टरही नाही. ते गुडघ्यांविषयी बोलत होते. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. चार किलो उतरव, मग सिद्धेश्वरला तळ्याकडेने तू पुढे आणि बाबा मागे. मशीनच्या खणातली टेप काढ आणि दोघांच्या कमरा मोजून मला कळव. आपल्याकडे बाईची 80 सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषाची 90 च्या आत असावी म्हणतात. बाबांनी पोट आत ओढलं तर माप धरायचं नाही.

तुझी एकादशीही मी मोडत नाही. पण 'एकादशी, दुप्पट खाशी' हे आजीच म्हणायची ना? साबुदाण्यात पिठूळपणाशिवाय जवळजवळ काहीच नाही, वर दाण्याचं कूट, तूप आणि बटाट्याचा कीस. त्यापेक्षा वाटीभर वरी, पातळसर दाण्याची आमटी आणि ताक. वरीत थोडी प्रथिनं, थोडा चोथा तरी असतो. पांडुरंगाची तक्रार आली तर माझं नाव सांग.

नाचणी तुझ्या हाडांसाठी आहे. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच वजनाच्या दुधात 120 च्या आसपास. सकाळी ताकातली आंबील कर, जिरं आणि लसूण लावून. मात्र नाचणीही शेवटी धान्यच, त्यामुळे बाबांनी औषध समजून दोन-दोन वाट्या ओरपायच्या नाहीत. आंबील घेतली तर एक भाकरी कमी. जेवण झाल्या झाल्या तू जो चहा ठेवतेस तो तासभर पुढे ढकल. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही आणि तुझं हिमोग्लोबिन आधीच काठावर आहे. भाजीवर लिंबू पिळलंस तर उलट मदत होते.

मला सारखं आठवतं, तू भाकरी थापायचीस तेव्हा मी काटवटीच्या समोर मांडी घालून बसायचे. तव्यावर टाकलेल्या भाकरीवर तू पाण्याचा हात फिरवायचीस, पाणी सुकायच्या आत उलटायचीस आणि मग आरावर ती टम्म फुगायची. पहिली माझी. पापुद्रा सोलून आत मीठ-तेल लावून द्यायचीस. माझ्या भाकरीला अजूनही एका कडेला भोक पडतं आणि सगळी वाफ तिथूनच जाते. तेव्हा तुला कोणी भाकरी शिकवायला निघालंय असं समजू नकोस. गेली काही वर्षं बाबांना पोळी आणि भात दोन्ही लागतात, तिथे रात्री भाकरी आणि हुलग्याचं माडगं आणायचंय, एवढंच. ताटात आधी काकडी-मुळा आणि भाजी संपवा, भाकरीला नंतर हात लावा, साखर हळू चढते. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं गच्चीवर चाला. लगेच आडवं व्हायचं नाही. बातम्या कुठे जात नाहीत.

बाबा, हे नीट वाचा. कट्ट्यावर तुमच्या मंडळींचा 'दीक्षित की दिवेकर' वाद अजून रंगतो, माहीत आहे मला. दोनदाच जेवायचं की थोडं थोडं वेळच्या वेळी, यावर खुशाल भांडा. पण न्याहारीआधी घ्यायची ती छोटी गोळी साखर खाली ओढते. ती घेऊन जेवण चुकवलंत तर दरदरून घाम फुटेल, हात थरथरतील. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण गाळायचं नाही. आणि तसं कधी झालंच, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा, आणि मग काहीतरी खायचं. सदऱ्याच्या खिशात साखरेची एक पुडी कायम ठेवा. हो, मीच सांगतेय.

पायाला मुंग्या येतात त्या 'वयाने' म्हणून सोडून देऊ नका. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-12 कमी होऊ शकतं, त्यात आपण शाकाहारी. पुढच्या तपासणीत तेही लिहून घेतलंय, रक्त घ्यायला माणूस घरीच येईल. लोणचं-पापड दोन्ही एका जेवणात नको, बीपीचं लक्षात आहे ना?

आई, ज्वारी एकदम दळून ठेवू नकोस, आठ दिवसांपुरतीच दळ. विरी गेलेल्या पिठाची भाकरी तुटेल आणि शिव्या मला बसतील. हे महिनाभर करून बघा. अगदीच जमलं नाही तर यादी पुन्हा बदलू, पण त्यासाठी मला फोन करायचा, शेठना परस्पर नाही. त्यांना मी सांगून ठेवलंय.

राग आला असेल तर रविवारी फोनवर काढा. मी सकाळी मोकळी आहे.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, देवघराच्या वरच्या फळीवर, पंचांगामागे चिवड्याचा पुडा आहे तो मी मागच्या खेपेला बघितलाय. फोडलाच असेल तर दोघं मिळून संपवा. नवीन आणायचा नाही.