मिस्त्रीकाका, इंजिन बसलं!

मिस्त्रीकाका,

गाडी चालली. टॉप गिअरलाही केबिनमध्ये घरघर नाही, आरसा थरथरत नाही. फोनवर एवढंच सांगितलं, पण तेवढ्यावर भागत नाही, म्हणून हे चारचौघांसमोर लिहितोय.

तुम्ही आलात तेव्हा जुन्या पिकअपच्या चासीत, म्हणजे खालच्या सांगाड्यात, नवं इंजिन चेन पुलीला लटकत होतं आणि मी वेल्डिंगचा होल्डर धरून तयार होतो. दोन पट्ट्या कापल्या, चार टाके मारले की झालं, असा माझा हिशेब. तुम्ही फक्त विचारलंत, "गिअरबॉक्स कुठाय?" तो कोपऱ्यात पडला होता. तो जोडल्याशिवाय इंजिनाची जागा ठरतच नाही, हे मला त्या क्षणी कळलं. तुम्ही हसला नाहीत. मनात हसला असाल तर तो तुमचा हक्कच आहे.

दुसरी चूक महागात पडली असती. इंजिनाच्या तळाचा ऑइल चेंबर आणि त्याखालचा पुढचा एक्सल यांत 40 मिमी जागा होती आणि मला ती ऐसपैस वाटत होती. तुम्ही टेप एक्सलपासून बंप रबरापर्यंत, म्हणजे वर येणारा एक्सल जिथे अडतो तिथपर्यंत, धरलीत: 70 मिमी. म्हणजे मोठ्या खड्ड्यात एक्सल 70 वर येणार, आणि चेंबर 40 वरच वाट अडवून बसलेला! इंजिन मागे सरकवलं, गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करावा लागला, तेव्हा मी कुरकुरलो होतो. ती कुरकुर मागे घेतो.

कोनाचं तर मला काहीच माहीत नव्हतं. मी इंजिन स्पिरिट लेव्हल लावून आडवं बसवणार होतो. तुम्ही गाडी जॅकवरून उतरवून चाकांवर उभी केलीत, इंजिनाची मागची बाजू 3 अंश खाली घेतलीत आणि मागच्या एक्सलवरच्या डिफ्रन्शिअलचं नाक, जिथे शाफ्ट जोडतो ते, तेवढंच वर आहे ना, ते पाहिलंत. शाफ्टच्या टोकाचा सांधा, म्हणजे क्रॉस, कोनात फिरला की शाफ्टचा वेग दर फेरीत दोनदा कमी-जास्त करतो. दुसऱ्या टोकाला तेवढाच कोन असला की तो हिसका तिथे जिरतो. पण कोन अगदी शून्यही नको, नाहीतर क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया एकाच जागी बसून खड्डे पाडतात. हे तुम्ही खडूने जमिनीवर काढून दाखवलंत. ती रेघ मी अजून पुसलेली नाही.

इंजिन चासीवर धरणाऱ्या ब्रॅकेटसाठी पुठ्ठ्याचे तीन साचे वाया गेले, चौथा बसला. त्यावरून 6 मिमीची प्लेट कापली, जागेवर टाके मारले आणि इंजिन पुन्हा उतरवलं. ब्रॅकेट जाड प्लेटवर बोल्टने आवळून मगच पूर्ण वेल्ड केले, वेल्डच्या उष्णतेने वाकडे ओढले जाऊ नयेत म्हणून. चासीला होल्डर लावण्याआधी तुम्ही बॅटरीच्या तारा सोडायला लावल्यात, नाहीतर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, तिथेच जाऊ शकला असता.

आणि इंजिन नि ब्रॅकेटमधलं रबर! मला तर ते नकोच होतं, लोखंडाला लोखंड आवळायचं होतं. तुम्ही म्हणालात, थरथर रबरात जिरली नाही तर ती वेल्डला तडा पाडेल. जोरात एक्सलरेटर दाबला की एका बाजूचं रबर दबतं, दुसऱ्या बाजूचं ओढलं जातं. म्हणून रबर फाटलं तरी इंजिन उचललं जाणार नाही अशी लोखंडी अडण असलेलंच माउंटिंग घ्यायला लावलंत. शिवाय रबरातून वीज जात नाही, त्यामुळे इंजिनाचं चासीशी अर्थिंग तुटतं. इंजिन चासीला जोडणारी अर्थिंगची जाड तारेची वेणी विसरलो असतो तर स्टार्टरचा करंट क्लच केबलमधून वाट शोधत बसला असता.

सगळं वेल्डिंग माझ्याच हातून करून घेतलंत, याचे आभार सगळ्यात जास्त.

तुमचा गुण्या माझ्याकडेच राहिलाय. तो द्यायला पिकअप घेऊनच येतो. डाव्या ब्रॅकेटचा एक टाका ओबडधोबड झालाय. बॉनेट उघडल्यावर तुम्हाला आधी तोच दिसणार, म्हणून आत्ताच कबूल करून टाकतो.