मामाला फोन केलास का?

पुणे, 14 नोव्हेंबर 2024

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सॲपवर तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. म्हणून हा वहीचा कागद. बाबा फोटो काढून पाठवतील, अक्षर लागलं नाही तर विचार.

मामाला दोन स्टेंट घातले. परवा घरी आणलं. तुला कळलं असेलच. कळणं वेगळं आणि फोन करणं वेगळं, पण ते मी लिहिणार नव्हते.

दिवाळीच्या फराळाला त्याच्याकडे निवडणुकीवरून काय झालं, ते मला दोघांकडूनही समजलं. दोन्ही हकिगतींत फक्त चकल्यांचा डबा सारखा आहे, जो तू टेबलावर ठेवून निघालीस. तुला 'अमेरिकेत काल आलेली' म्हणाला ते चुकलंच त्याचं. भाऊबीजेला फोनवर ओवाळताना मी त्याला तसं सांगितलंही, निरांजन हातात घेऊन. पण तूही कमी बोलली नाहीस. कोणी कोणाला मत दिलं ते मी विचारणार नाही. अध्यक्ष निवडणाऱ्या पेनसिल्वेनियाच्या 19 मतांसाठी दोन्ही उमेदवार तुमच्याकडे खेटे घालत होते, आणि त्यात माझ्या मुलीचं पहिलं मत. तुझा स्टिकर लावलेला फोटो मी जिन्यात भेटेल त्याला दाखवलाय. इस्त्रीवाल्यालासुद्धा.

मागच्या उन्हाळ्यात तू मला फिलाडेल्फियाला काँग्रेस हॉल दाखवलास, आठवतं? लाल विटांची इमारत, खालचा सभागार, टोपीवाली रेंजर बाई. 1797 मध्ये जॉन ॲडम्सनं तिथे अध्यक्षपदाची शपथ घेतली. तेव्हाच्या नियमानं दुसरा आलेला उपाध्यक्ष व्हायचा. ॲडम्सला 71 मतं, जेफरसनला 68, म्हणून हरलेला विरोधक त्याच्याच हाताखाली. तू माझ्या कानात म्हणालीस, "आई, वाड्यातल्या दोन जावा." मी एवढी हसले की बाईनं वळून पाहिलं.

मग तुझ्या लायब्ररीतून पुस्तकं आणून पुढचं वाचलं. 1800 ला दोघे परत समोरासमोर. एकमेकांबद्दल छापलेलं वाचवत नाही. ॲडम्स हरला, आणि जेफरसनच्या शपथविधीला न थांबता पहाटे चारलाच गावाबाहेर पडला. मग अकरा वर्षं एकमेकांना ओळ नाही, दोघेही पत्रं लिहिण्यात पटाईत असून. शेवटी 1812 च्या 1 जानेवारीला ॲडम्सनंच लिहिलं, घरी विणलेल्या कापडाचे दोन तुकडे पाठवतोय म्हणून. जेफरसनला खरंच कापड वाटलं. पार्सल पोचायच्या आत त्यानं व्हर्जिनियातल्या घरोघरच्या विणकामावर लांबलचक उत्तर धाडलं. नंतर पार्सल उघडलं तर ॲडम्सच्या मुलाच्या व्याख्यानांची दोन पुस्तकं! असं काहीतरी खुळचट निमित्त चालतं गं. औषधं घेतलीस का, एवढं विचारलं तरी पुरे.

झालं, लेक्चर सुरू झालं माझं. माफ कर.

तू म्हणशील, तेव्हाचं वेगळं, आत्ताचं वेगळं. खरं आहे. 1960 मध्ये तिकडच्या आईबापांना विचारलं होतं, मुलानं किंवा मुलीनं दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर? शंभरात चार-पाचच नाराज. 2010 मध्ये तेच विचारलं तर एका पक्षाचे जवळजवळ निम्मे आणि दुसऱ्याचे एक तृतीयांश. आपल्याकडे जात विचारतात तसंच की हे. ते वाचून मी बाबांना म्हटलं, अमेरिकेला आता पत्रिका आपल्याकडूनच न्यावी लागणार. ते हसले नाहीत. त्यांचं आणि शेजारच्या काकांचं घड्याळ-तुतारीवरून बिनसलंय. इकडे 20 तारखेला मतदान आहे.

लिंकनचं तर घरच फुटलं होतं. 1860 ला दक्षिणेतल्या दहा राज्यांत मतपत्रिकेवर त्याचं नावसुद्धा नव्हतं. उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटायच्या वेळी त्यानं साडूला, हेल्मला, आपल्या सैन्यात जागा देऊ केली. त्यानं नाकारली, दक्षिणेकडून लढला आणि 1863 मध्ये चिकामॉगाच्या लढाईत पडला. डिसेंबरात त्याची बायको एमिली, म्हणजे लिंकनच्या बायकोची, मेरीची, सावत्र बहीण, व्हाइट हाउसमध्ये येऊन राहिली. शत्रूच्या सेनापतीची विधवा अध्यक्षाच्या घरात! लोक बोललेच. लिंकननं ऐकून घेतलं नाही. पुढे त्याच मेहुणीनं त्याला फार कडू पत्र लिहिलं, माहेरच्या मृत्यूंचा दोष त्याच्या गोळ्यांवर ठेवून. म्हणजे शेवट गोड नाहीच. हे आधी लक्षात आलं असतं तर उदाहरण दिलंच नसतं.

पेढ्यांच्या पुड्याचं तुला माहीत आहे. 77 साली नानाकाका आणीबाणीतल्या येरवड्याच्या तुरुंगातून सुटून आलेला, निकालाच्या दिवशी त्यानं पुडा पाठवला आणि आबांनी दोराही न सोडता परत केला. तो परत नेऊन देणारी मीच, परकरातली. नऊ वर्षं बोलणं नाही. मग आबांच्या दहाव्याला घाटावर कावळा शिवेना. बारा वाजले, एक वाजला. शेवटी नानाकाका पुढे झाला, काहीतरी पुटपुटला. काय, ते त्यानं कोणालाच सांगितलं नाही.

हे आत्ता कशाला लिहिलं मी? मामाला काही झालेलं नाही. डॉक्टर म्हणतात, आठवड्याभरात फिरायला लागेल.

तो तुला बर्फात पार्किंगमध्ये गाडी शिकवायचा आणि स्वतःच ब्रेक दाबल्यासारखा पाय आपटायचा, त्याची नक्कल तू करून दाखवायचीस. परवा एकटीच बसले होते तर आठवलं.

नको वाटत असेल तर नको करूस. मी परत विचारणार नाही. दुपारी दोन ते चार झोपतो, तेव्हा पाचनंतर कर.

तुझी,
आई

ता. क. मामीनं तुझा डबा धुऊन ठेवलाय. झाकण सापडत नाही म्हणाली.