जावाचं इंजिन आणि तुझी बंद गॅलरी

सांगली,
मंगळवार

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर माझा आवाज चढला आणि तू फोन ठेवलास. ठेवलास ते बरं झालं. मला फोनवर एक वाक्य धड पुरं करता येत नाही, म्हणून लिहायला बसलोय. सांगायचंय ते अप्पांच्या जावा मोटरसायकलच्या इंजिनाबद्दल आहे आणि ते शांतपणे सांगण्यासारखं आहे.

"बाबा, तुमचा माझ्यावर विश्वासच नाही," म्हणालीस. अगं, तू पाठवलेला फोटो मी आईला दाखवला, शेजारच्या काकांना दाखवला, दूधवाल्यालासुद्धा थांबवून दाखवला. पुठ्ठ्यावर क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या, झाकणाची आकृती काढून, ज्या जागचा स्क्रू त्याच जागी भोक पाडून खोचून ठेवलायस. लांब-आखूड स्क्रू एकमेकांत मिसळले की बसवताना काय हाल होतात ते मला माहीत आहे. माझ्या हाताखाली इतकी पोरं शिकून गेली, त्यांतल्या फार थोड्यांना हे न सांगता सुचलं. तुला सुचलं.

पण त्याच फोटोत उजव्या कोपऱ्यात गॅसची ज्योत मारायची बत्ती दिसली आणि तिच्या शेजारी चटकन पेट घेणाऱ्या ॲसिटोनचा डबा. मागे गॅलरीची काच बंद. त्यानंतर मला फोटोत दुसरं काही दिसेनासं झालं.

असो. बत्तीवर पुन्हा बोलायचं नाही असं ठरवून बसलोय.

हे इंजिन पळता पळता सीझ झालेलं नाही, हे आधी लक्षात घे. तेल कमी पडून सीझ झालं असतं तर पिस्टनचं ॲल्युमिनियम ब्लॉकला, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीला, पुसलं गेलं असतं, उभे ओरखडे दिसले असते. हे 2019 च्या पुरात उभ्या उभ्या जाम झालंय. गावभागात पाणी चढलं तेव्हा आम्ही अप्पांना होडीतून काढलं. ते सारखे मागे वळून पडवीकडे बघत होते. गाडीचं हँडल तेवढं पाण्यावर होतं. जावाच्या टू-स्ट्रोक इंजिनाला झडपा नसतात. पिस्टन खाली असला तर सायलेन्सरपासून सिलिंडरपर्यंत रस्ता मोकळा, वर असला तर कार्ब्युरेटरकडून थेट क्रँककेसमध्ये. पाणी ओसरलं, पण कृष्णेचा तो बारीक गाळ आत राहिला आणि नंतर कुणी हात लावला नाही. त्या वर्षी घरात दुसरंच सगळं चाललं होतं, तुला माहीत आहे.

म्हणून सांगतो, वरचा गंज सुटून पिस्टन हलला की लगेच किक मारून बघावीशी वाटेल. मारू नकोस. खालच्या बेअरिंगमध्ये गाळ आहे. क्रँककेस उघडायलाच लागणार, क्रँक बाहेर काढून धुवायलाच लागणार. आणि जाम असताना तर किकला अजिबात हात लावू नकोस. जावाची किक म्हणजे तोच गिअरचा दांडा, आत दाबून उभा केलेला. जोर केलास तर आतले दाते जातील आणि ते मिळवायला पुण्याच्या जुन्या बाजारात किती बुधवार-रविवार घालवावे लागतील कुणास ठाऊक. जावाचा मैसूरचा कारखाना 1996 मध्येच बंद झाला.

पिस्टनवर लोखंडी हातोडी नको. ही क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा खालचा दांडा, एकसंध नसते, तुकडे दाबून बसवलेले असतात. वरून घण घातलास तर तिची जड चाकं, फ्लायव्हील, सरकतात आणि मग क्रँक पुन्हा सरळ करून घ्यावी लागते. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 65 मिलिमीटरचा आहे. मी 60 चा सागवानी ठोकळा लेथवर काढून आणलाय, दादाबरोबर पाठवतो. तो पिस्टनवर मधोमध सरळ ठेवायचा आणि हलक्या हातोडीने टकटक करत राहायचं. खाली जात नसेल तर आणखी जोर करायचा नाही, गंज सुटावा म्हणून पुन्हा डिझेल भरून सोडून द्यायचं. वरून ओत, एक्झॉस्टच्या पोर्टमधूनही, धूर बाहेर पडायच्या भोकातूनही, ओत, म्हणजे पिस्टनच्या खालच्या घेराच्या बाजूने झिरपेल. रोज थोडं घालत राहा. घाई कसली आहे? कोण मागतंय गाडी उद्या?

उष्णतेचं तू वाचलंस ते खरं आहे. ब्लॉक बिडाचा, पिस्टन ॲल्युमिनियमचा, आणि ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून ब्लॉक बाहेरून चहूकडून सारखा तापवायचा आणि उष्णता पिस्टनपर्यंत पोचायच्या आत ठोकायचं. नाहीच सुटला तर पूर्ण गार होऊ द्यायचं, परत तापवायचं. या फुगण्या-आकसण्यात गंजाची पकड तुटते. पण त्याला ज्योत लागत नाही, सोनू. गरम हवेची गन पुरते, आणि तीसुद्धा आतलं सगळं ओतून, पुसून, कोरडं केल्यावर. ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते, आणि बंद गॅलरीत तर तिला जायला वाटच नाही. तू बत्ती टेबलावर पेटवशील आणि भडका पायाशी उडेल. आमच्या वर्कशॉपात एका पोराचं असंच झालं होतं. डबा चांगला चार हात लांब होता. पुढचं लिहीत नाही.

बघ, नाही नाही म्हणता तिथेच आलो. तू यंत्रांचं शिकलेली, मी हातांनी शिकलेला, आणि मी तुला ॲल्युमिनियम किती फुगतं ते सांगतोय. रागावू नकोस. तुला हे माझ्याआधी माहीत असणार.

अप्पा पेट्रोल भरायला मला न्यायचे. लिटरला 40 मिली तेल, आणि ते माप टाकीत ओतायचं काम माझं. तेल नीट मिसळावं म्हणून अप्पा गाडी दोन्ही पायांत धरून हलवायचे. मग नरसोबावाडीला. मी टाकीवर, आत्या मागे, आणि माधवनगरच्या पोरांना दिसावं म्हणून अप्पा मुद्दाम लांबच्या रस्त्याने न्यायचे. ती मरून टाकी मला अजून मांड्यांना जाणवते. तुलाही बसवलं होतं त्यांनी टाकीवर. तू हेडलाइटमधल्या स्पीडोमीटरच्या काचेवर हात आपटायचीस आणि अप्पा म्हणायचे, ही पोरगी गाडी चालवणार. बाकी नातवंडांपैकी कुणाबद्दल ते असं बोलले नाहीत, आणि दादाला ते लागलं होतं, म्हणून त्याच्यासमोर हे काढू नकोस.

तू टेम्पो करून गाडी घेऊन गेलीस तेव्हा आई म्हणाली, बरं झालं, मन रमेल तिचं. मार्चपासून आम्ही तुला काही विचारत नाही. विचारणारही नाही. पण तुझे फोटो येतात ते रात्री दीड-दोनला. त्या वेळी दमलेला हात असतो, बिल्डिंग झोपलेली असते, आणि तू दार आतून लावून बसतेस. हाक मारलीस तरी कुणाला ऐकू जाणार नाही. माझी झोप ॲसिटोनने उडालेली नाही गं. तू एकटी आहेस त्याने उडालीय.

शनिवारी दादा येईल. त्याला शेजारी बसव, त्याला काही करू देऊ नकोस, नुसता बसू दे. डिझेलचं काम पार्किंगमध्ये वॉचमनला सांगून उघड्यावर कर. पिस्टन सुटल्यावर ब्लॉक वर ओढताना गोल फिरवू नकोस. रिंगा पिनांनी जागेवर अडकवलेल्या असतात, फिरवलास तर टोकं पोर्टमध्ये अडकून मोडतील. पिस्टनची पिन अडकवणारी सर्क्लिप काढायच्या आधी क्रँककेसच्या तोंडात कापड कोंब. पिस्टन पिन पुलरनेच काढ, ठोकून काढलीस तर कनेक्टिंग रॉड वाकेल. हा उपदेश नाही, फक्त क्रम आहे.

मग ब्लॉक मला पाठव. पुण्यात बोअर करू नकोस, म्हणजे सिलिंडर आतून कातून घेऊ नकोस. मी स्वतः कोल्हापूरला उद्यमनगरात घेऊन जातो, तिथे समोर उभं राहून माप घेऊन बोअर करून घेईन. नवा पिस्टन आधी हातात हवा, त्याच्या मापाने बोअर, उलटं नाही. तो क्रँककेस उघडायचा दिवस मात्र मला विचारून ठरव. मला यायचंय. मी काही बोलणार नाही, तू सांगशील ते पाने देईन.

आईने चिवडा आणि मेतकूट दिलंय. गुडघा बरा आहे तिचा.

तुझा,
बाबा

ता. क. दिवाळीत आलो होतो तेव्हा तुझ्या गॅलरीच्या काचेची वरची खिटी अडकत होती, आतून जोर लावल्याशिवाय उघडत नव्हती. सुताराला या आठवड्यातच बोलाव. पैसे मी देतो.