हँडलच्या आधी सीट पाहणाऱ्या मिस्त्रीकाकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात गर्दी असते, तिथे उभ्याउभ्या नीट आभार मानता आले नाहीत. म्हणून हे पत्र, आणि मुद्दाम सगळ्यांसमोर. मनगटाला इजा झालेल्या आणखी कोणाला तरी त्याचा उपयोग होईल.

उजव्या मनगटाचं प्लास्टर निघालं, हाड जुळलं, डॉक्टरांनी सायकलला परवानगीही दिली. तरी नागपुरात त्रिमूर्तीनगरहून सिव्हिल लाइन्सला जाताना शंकरनगर चौक येईस्तोवर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधीर व्हायचं. मनगट मागे पूर्ण वळत नव्हतं, ब्रेक दाबताना पकड सुटेल की काय अशी धास्ती वाटायची. घरचे म्हणू लागले, आता सायकल ठेव बाजूला, गाडी घे. मला ते फार लागलं होतं.

तुमच्याकडे आले ती जाड, मऊ ग्रिप बसवून घ्यायला. तुम्ही ती लगेच विकू शकला असता. पण तुमचा पहिला प्रश्न होता, “डॉक्टर हो म्हणले का सायकल चालवाले?” मग सायकल भिंतीला टेकवून मला वर बसवलंत आणि बाजूला उभं राहून बराच वेळ नुसतं पाहिलंत. “ताई, सगळं वजन हातावर येऊन राहिलं तुमचं. सीटचं नाक खाली गेलं आहे.”

हात दुखतोय म्हणून सगळे हाताकडेच पाहत होते. सीटकडे फक्त तुम्ही पाहिलंत. सीट पुढे कललेली असली की माणूस नकळत पुढे घसरत राहतो आणि ती घसरण थोपवायचं काम तळहातांवर येतं. तुम्ही सीट सपाट केलीत, किंचित मागे सरकवलीत. टाच पॅडलवर ठेवून पाय सरळ होतो का, तेही तपासलंत. शरीराचा भार बैठकीवर आणि पायांवर गेला तेव्हा हँडल नुसतं धरण्यापुरतं उरलं. त्याच जागी बसल्याबसल्या मला फरक कळला होता, काका.

मग हँडल. हँडल धरून ठेवणारा आडवा तुकडा, म्हणजे स्टेम, त्याच्याखाली आणखी वायसर घालायला जागा नव्हती. तुम्ही स्टेमच काढून उलटा बसवलात, तेवढ्यानं हँडल वर आलं आणि जवळही. नवीन काही घ्यावं लागलं नाही.

ब्रेकसाठी तुम्ही जे केलंत ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आपल्याकडे बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. थांबताना वजन पुढे जातं, म्हणून खरा जोर पुढच्या ब्रेकचाच, आणि माझा उजवा हातच कमजोर. तुम्ही पुढचा ब्रेक डाव्या हाताला दिलात, गंजलेल्या केबली त्यांच्या नळ्यांसकट बदलल्यात, लिव्हर थोडे खाली वळवलेत, म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत राहतो. लिव्हरवरच्या बारीक स्क्रूनं तो मुठीजवळही आणून दिलात. आणि बजावलंत, की सवय होईस्तोवर रस्त्यावर जायचं नाही, मोकळ्या मैदानात चालवा, घरातलं आणखी कोणी ही सायकल नेत असेल तर त्यालाही सांगा. हे न सांगता सायकल हाती दिली असती, तर घाईच्या क्षणी माझ्याकडून भलताच ब्रेक दाबला गेला असता.

हवेचंही सांगते. माझे टायर ३२ मिमीचे, त्यात ८० पीएसआय दाबाची हवा भरलेली असायची. तुम्ही ती ५५ वर आणलीत. आपल्या सिमेंट रोडवर दर सांध्याला मनगटात जायचा तो झटका खूपच मऊ झाला.

पुढे फिजिओथेरपीला गेले तेव्हा मॅडमनी समजावलं, की करंगळी आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाची संवेदना नेणारी नस तळहाताच्या करंगळीकडच्या कडेनं जाते. हँडलवर सतत भार पडला की तीच दबते. तुम्ही सायकलवर केलेले बदल त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, अगदी बरोबर केलंय, फक्त मधूनमधून हाताची जागा बदलत जा आणि कोपर ताठ ठेवू नका.

मनगटाच्या दुखण्यातून उठलेल्या कोणालाही मी आता हेच सांगते: हाड भरल्याचं डॉक्टरांकडून ऐकल्याशिवाय सायकलला हात लावू नका, मुंग्या थांबत नसतील तर परत डॉक्टरांना दाखवा, आणि सायकलमध्ये एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशानं बरं वाटलं ते कळत नाही. सीट हलवण्याआधी जुन्या जागेवर टेपची खूण करून ठेवा, हे तुमचंच.

तुम्ही फक्त केबलींचे पैसे घेतलेत. पाहण्याचे, समजावण्याचे, मला पुन्हापुन्हा उतरवून चढवण्याचे काहीच नाही. ते मला पटलेलं नाही. हे कसब आहे आणि त्याचा मोबदला व्हायला हवा. माझ्या एका मैत्रिणीच्या अंगठ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी सायकलला हो म्हटलं की तिला घेऊन येणार आहे. तेव्हा तिच्याकडून पूर्ण मजुरी घ्यायची, आणि माझी राहिलेली माझ्याकडून. नाही म्हणू नका.

मनापासून आभारी,
त्रिमूर्तीनगरची तुमची ताई