सूचना: ऊन तापलं, कपडे बदला

सर्व सभासदांना नमस्कार. नाशिकची थंडी निरोप न घेताच जाते. सकाळी 7 च्या लेक्चरला कानाला गार वारा लागतो आणि दुपारी 1 ला पार्किंगमधल्या गाडीचं सीट चटका देतं. त्यामुळे जाड स्वेटरऐवजी पातळ सुती शर्ट आणि वर चेनचं हलकं जॅकेट घाला. ऊन चढलं की ते सॅकमध्ये मावतं.

कपडे घेताना आतलं लेबल वाचा. 'कॉटन' म्हणून विकलेल्या कुर्त्यात पॉलिएस्टर मिसळलेलं असू शकतं. ते घाम शोषत नाही, पाठीला चिकटतं, मग घामोळं येतं. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून थोडं सैल घ्या. गडद रंगाचे नवे कपडे पहिले 2-3 वेळा वेगळे धुवा, नाहीतर रूममेटचे पांढरे शर्ट गुलाबी होतात. कडक खळ नको, हवा खेळत नाही. जीन्सचा हट्ट कशासाठी, कळत नाही: शिवण मांडीला घासते आणि धुतली तर कंबरपट्टा वाळता वाळत नाही.

प्रयोगशाळेत उन्हाळ्याची सवलत नाही. हाफ पँट, चप्पल, लोंबती ओढणी बंद. पूर्ण बाह्यांचा सुती ॲप्रन आणि बंद बूट हवेतच. बर्नरजवळ सिंथेटिक लेगिंग पेटली तर वितळून कातडीला चिकटते.

गंगापूर रोडने दुचाकीवर येणाऱ्यांनी स्कार्फची टोकं सनकोटच्या आत खोचावीत; मोकळं टोक मागच्या चाकात जातं. हेल्मेटखाली सुती रुमाल बांधा. दोन ठेवा, एक रोज धुवा.