हद्दवाढीआधी आमचा वॉर्ड ठरवा

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
कर्नाटक सरकार, विधानसौध, बेंगळूर

विषय : बेळगाव महापालिकेची हद्दवाढ, हरकती आणि सरकारनियुक्त सदस्य

महोदय,

हद्दवाढीचा विषय निघाला की हिंडलगा, कंग्राळी, मुतगा, यळ्ळूर ही शहरालगतच्या गावांची नावे पुढे येतात आणि सगळी चर्चा घरपट्टीवर येऊन थांबते. घरपट्टी वाढणार, हे आम्ही धरूनच चाललो आहोत. आमची हरकत वेगळी आहे.

पंचायत राज कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत साधारण 400 लोकसंख्येमागे एक सदस्य असतो. आठ हजार वस्तीच्या गावाला असे 20 सदस्य मिळतात. महापालिकेचे वॉर्ड 58. शहराची 2011ची पावणेपाच लाखांवरची लोकसंख्या त्यांत वाटली, तर एका वॉर्डात आठ हजारांहून जास्त माणसे येतात. म्हणजे 20 सदस्यांच्या गावाला उद्या एक नगरसेवकही धड स्वतःचा नाही. गाव शेजारच्या दोन वॉर्डांना वाटून दिले तर तोही गेला. ग्रामसभा तर उरतच नाही.

त्याहून वाईट मधला काळ. अंतिम अधिसूचना निघाली की ग्रामपंचायतीचे दप्तर महापालिकेत जाते, पण नव्या वॉर्डात मतदान होईपर्यंत सभागृहात गावाचे कोणी नसते. हा काळ किती लांबतो ते बेळगावाने पाहिले आहे. सप्टेंबर 2021मध्ये 58 वॉर्डांचे निकाल लागले, महापौर-उपमहापौर निवडायला फेब्रुवारी 2023 उजाडला. निवडून आलेल्यांची ही गत, तर निवडणूकच न झालेल्या गावांनी कोणाच्या तोंडाकडे बघायचे?

तोवर सरकारनियुक्त सदस्य आहेत, असे उत्तर मिळेल. असे सदस्य जास्तीत जास्त पाच, आणि घटनेच्या कलम 243-आरप्रमाणे त्यांना मतदानाचा हक्क नाही. नगरप्रशासन, आरोग्य, नगररचना, शिक्षण यांतले जाणकार किंवा समाजसेवक नेमावेत, अशी कायद्याची अपेक्षा. ‘समाजसेवक’ या शब्दात कोण कोण बसते ते आपल्याला आम्ही सांगायला नको. नेमणूक करायचीच असेल तर ज्यांच्या शिवारातून रस्ते आखले जाणार आहेत त्या गावांतला, आराखड्याचा नकाशा वाचता येणारा माणूस घ्या, आणि नाव ग्रामसभेच्या ठरावातून मागवा. वॉर्डरचना व निवडणुकीची तारीख मात्र अंतिम अधिसूचनेच्या आधी जाहीर व्हायला हवी.

आता हरकतींबद्दल. प्रारूप अधिसूचना राजपत्रात येते ती कन्नडमध्ये, आणि मुदत धावते राजपत्राच्या तारखेपासून. पंचायतीच्या फळ्यावर कागद कधी लागला याला किंमत नाही. खरी मेख परिशिष्टात असते. तिथे सर्व्हे नंबरांची रांग असते आणि एखाद्या नंबराचा एक पोटहिस्सा हद्दीत, दुसरा बाहेर राहतो. बांध एकच, पण एका भावाने दाखला पीडीओकडे (पंचायत विकास अधिकाऱ्याकडे) मागायचा आणि दुसऱ्याने महापालिकेत. म्हणून परिशिष्ट पोटहिश्शांसह आणि गावनकाशावर रंगवून, मराठी प्रतीसह, प्रत्येक पंचायतीत लावावे. घटनेच्या कलम 350 खाली कोणालाही आपले गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या भाषेत मांडता येते. तेव्हा ‘कन्नडमध्ये लिहून आणा’ म्हणून मराठी अर्ज परत करू नये, आवक क्रमांक घालून पोच द्यावी.

शहराची हद्द ठरवताना घनता, महसूल आणि शेतीबाहेरच्या रोजगाराचे प्रमाण पाहावे, असे कलम 243-क्यू सांगते. हे आकडे गावागणिक जाहीर करा. रस्त्याकडेच्या चार ले-आऊटवरून अख्खे महसुली गाव शहरी ठरवता येत नाही. शहापूर, वडगाव, अनगोळ कित्येक वर्षे हद्दीत आहेत. तिथल्या शिवारात अजून बासमती पिकतो, आणि पावसाळ्यात शहराचे सांडपाणी घेऊन बळ्ळारी नाला त्याच भातात शिरतो. हद्दीत येऊन त्या शेतकऱ्याला काय मिळाले, हे आधी त्याला विचारा. नव्या गावांचे रोजगार हमीचे जॉबकार्ड तर हद्दवाढीबरोबरच निकामी होईल. ते ग्रामीण भागापुरतेच असते.

सुनावणी जिल्हाधिकारी कार्यालयात एका दुपारी उरकू नये. ती गावोगावी, पंचायतीच्या कचेरीत घ्यावी, हरकत का फेटाळली ते लेखी द्यावे, आणि तारीख सुगीत ठेवू नये.

आपले,
बेळगाव तालुक्यातील शहरालगतच्या गावांचे रहिवासी