गाणं तुझ्या नावावर राहू दे

नाशिक
रविवार, रात्री

प्रिय सखे,

तू पाठवलेला त्या संगीत कंपनीचा करारनामा काल रात्री दोनदा वाचला आणि आज सकाळी पेन्सिल हातात घेऊन तिसऱ्यांदा. "करून टाकू ना सही?" असं तू फोनवर विचारलंस तेव्हा मी गप्प राहिले. तुझा आवाज इतका आनंदात होता की त्यावर माझ्याच्याने काही बोलवेना. आणि हे फोनवर सांगण्यासारखं नाहीच.

सही करू नकोस. निदान या मसुद्यावर तरी नको.

का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल. हॉस्टेलची गच्ची आठवते? तुझा तो खरखरणारा हेडफोन, एक बाजू तुझ्या कानात, एक माझ्या. तू मला इन्ग्रिड मायकलसन या अमेरिकन गायिकेचं 'द वे आय अ‍ॅम' ऐकवलंस. जेमतेम सव्वादोन मिनिटांचं गाणं. तुला थंडी वाजत असेल तर माझा स्वेटर घे, इतकं साधं बोलणं त्यात. गाणं संपल्यावर तू बराच वेळ काही बोलली नाहीस, मग म्हणालीस, "एवढं साधं लिहिता आलं पाहिजे." पुढच्याच महिन्यात मेसचे पैसे वाचवून तू युकुलेले आणलंस. तुझी गाणी तिथून सुरू झाली, असं मी आजही मानते.

तेव्हा आपण फक्त गाणं ऐकलं होतं. गेल्या दोन दिवसांत मी त्या बाईची वाटचाल हिशेबाच्या नजरेने पुन्हा पाहिली. तुझ्या हातात आज जो कागद आहे, त्याचं उत्तर तिथे आहे.

ती स्टेटन आयलंडची. न्यूयॉर्क शहराचाच भाग, पण मॅनहॅटनहून बोटीने जायचं. वडील संगीतकार, आई शिल्पकार. २००१ मध्ये बिंगहॅम्टन विद्यापीठातून नाटकाची पदवी घेतली आणि मग लहान मुलांना नाटक शिकवत राहिली. गाणी घरी लिहायची आणि मायस्पेस या तेव्हाच्या संकेतस्थळावर टाकायची. २००६ मध्ये 'गर्ल्स अँड बॉइज' हा अल्बम तिने स्वतःच काढला. मागे कुठलीही मोठी कंपनी नव्हती. मालिका-जाहिरातींना गाणी मिळवून देणाऱ्या एका छोट्या कंपनीने तिला मायस्पेसवर ऐकलं, आणि तिची गाणी 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या दवाखान्याच्या मालिकेत वाजू लागली. २००७ च्या शरद ऋतूत 'ओल्ड नेव्ही' या कपड्यांच्या दुकानसाखळीने स्वेटरच्या जाहिरातीला तेच स्वेटरचं गाणं घेतलं. बघता बघता ते अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, बिलबोर्डच्या शंभरांच्या यादीत ३७ व्या क्रमांकावर गेलं.

सगळे म्हणतात, नशीब. नशीब होतंच. पण ते दारात आलं तेव्हा घर कुणाच्या नावावर होतं, हे कुणी विचारत नाही.

हे नीट वाच. रेकॉर्ड झालेल्या प्रत्येक गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना, शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे ते ध्वनिमुद्रण, ज्याला स्टुडिओत सगळे 'मास्टर' म्हणतात. मालिकेत किंवा जाहिरातीत गाणं वापरायचं तर दोन्हींची परवानगी लागते. मोठ्या कंपन्यांच्या गाण्यात शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, मास्टर तिसऱ्याचा. पत्रव्यवहारात आठवडे जातात आणि पैसेही भरमसाट लागतात. मालिकेचा भाग मात्र गुरुवारी दाखवायचाच असतो. अशा वेळी एखादी मुलगी स्वतःच लिहिते, स्वतःच गाते आणि दोन्ही परवानग्या एका फोनवर देऊ शकते, तर तिचं गाणं आधी निवडलं जाणार. तिच्या गाण्यांची मालकी तिची होती, म्हणून ती गाणी पटकन पुढे गेली आणि त्यांचे पैसे तिच्या हातात आले. पुढे तिने 'केबिन २४ रेकॉर्ड्स' हे स्वतःचं लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, चालवलं. दुकानांपर्यंत पोचायला, प्रसिद्धीला इतरांची मदत घेतली, पण लेबल आपलंच ठेवलं. २०१२ मध्ये 'ह्यूमन अगेन' अमेरिकेच्या अल्बमांच्या यादीत थेट पाचव्या क्रमांकावर आला, तोही याच रस्त्याने.

आता तुझा कागद.

कलम ४ वाच. "सर्व ध्वनिमुद्रणांचे सर्व हक्क, कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात." विश्वात, गं! आपल्या कायद्यात एक चांगली सोय आहे: करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ही सोय तुला मिळू नये म्हणूनच 'कायमस्वरूपी' आणि 'विश्वात' हे शब्द तिथे मुद्दाम घातलेत.

कलम ९ मध्ये लिहिलंय की गीतकार आणि संगीतकार म्हणून मिळणारी रॉयल्टी तू सोडून देतेस. हे त्यांना मागताच येत नाही. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर शब्द आणि चाल रचणाऱ्याचा रॉयल्टीतला समान वाटा त्याच्याकडून लिहून घेता येत नाही. तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. असं कलम कायद्याने रद्दच. तरीही त्यांनी ते घातलंय, कारण बहुतेक मुली ते वाचत नाहीत. याचा मला फार राग आला. मास्टरचं मात्र तसं नाही. तो तू सही करून दिलास की गेला.

आता तीन लाखांचं बोलू. तुझ्या डोळ्यांसमोर तोच आकडा नाचतोय, हे मला ठाऊक आहे. तो अ‍ॅडव्हान्स आहे, आणि तुझ्या १५ टक्के वाट्यातून वळता होणार आहे. म्हणजे तुझ्या गाण्यांवर कंपनीने आधी २० लाख कमवायचे, तेव्हा कुठे तुझे तीन लाख फिटणार. आणि कलम ११ प्रमाणे व्हिडिओचा खर्चही तुझ्याच खात्यात. तो दोन लाख धरला तर आकडा ३३ लाखांच्या वर जातो. तोवर तुला एक रुपयाही मिळणार नाही, आणि फिटल्यावरही मास्टर त्यांचाच. घराचं कर्ज फेडल्यावर निदान घर तरी आपलं होतं. इथे तेही नाही.

आणि कलम ६. पहिल्या १२ महिन्यांत ८ गाणी द्यायची. आजी गेल्या तेव्हा तू सात महिने गायली नव्हतीस. मी तुझ्याकडे राहायला आले होते तेव्हा युकुलेले कपाटावर पिशवीत होतं आणि पिशवीवर धूळ होती. मी एका शब्दाने तुला गा म्हटलं नाही. इन्ग्रिडची आई २०१४ मध्ये गेली, आणि त्या दुःखातून लिहिलेला तिचा अल्बम आला २०१६ मध्ये. मधली दोन वर्षं तिची होती. या करारात तुझे ते सात महिने 'कराराचा भंग' ठरले असते. हे वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आजींचा विषय निघालाच आहे, तर ज्यासाठी मी एवढी जीव तोडून लिहितेय ते सांगते. डिसेंबरमधला तुझा प्रभात रोडचा कार्यक्रम. चाळीस खुर्च्या, बऱ्याचशा भरलेल्या. तू आजींची जात्यावरची ओवी घेतलीस, मग तिच्यातून तुझं शहरातलं गाणं काढलंस, आणि पुन्हा ओवीवर आलीस. पहिल्या रांगेत कुणाच्या तरी आजी बसल्या होत्या, नऊवारी, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. तू परत ओवीवर आलीस तेव्हा त्यांचा उजवा हात मांडीवर गोल फिरायला लागला. खुंटा धरल्यासारखी मूठ वळलेली. बहुधा त्यांना स्वतःलाही कळलं नसेल. मी बाजूने बघत होते. गाणं थांबलं तरी तो हात अर्धा फेरा पुढे जाऊन थांबला.

हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून लाखभर ओव्या जमवल्या, त्यात कोण गातंय, कुठल्या गावची, हेही लिहून ठेवलं. दळता दळता रचलेल्या ओळींना कुणी नाव लावत नव्हतं, त्यांनी लावलं. तुझ्या कागदातल्या कलम २ मध्ये आजींच्या ओव्यांना "पारंपरिक साहित्य" म्हटलंय आणि त्यावर बेतलेलं सगळं कंपनीचं. परंपरेची ओवी कुणा एकाची नाही, मान्य. पण आजींनी जोडलेल्या ओळी आजींच्या आहेत, आणि तू बांधलेली चाल तुझी. त्या जात्यावर तुझी आजी पहाटे चारला बसायची. त्यातलं पीठ कुणी परस्पर उचलून नेऊ नये.

तू म्हणशील, मग काय, असंच कॅफेत चाळीस माणसांसमोर गात राहू? नोकरी कधी सोडू? मला विचारशील तर अजून वर्षभर सोडू नकोस. इन्ग्रिडही मुलांना नाटक शिकवतच लिहीत होती. तिची पुढची वाटही काही एका उडीत झालेली नाही. पहिला अल्बम २००५ चा, आणि 'द नोटबुक' या संगीत नाटकाची तिने लिहिलेली गाणी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आली मार्च २०२४ मध्ये. ते नाटक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बंदही झालं. मधल्या काळात दुसऱ्यांसाठी गाणी लिहिली, नाटकात काम केलं. म्हणजे सगळं मिळून वीस वर्षं. तुझी आता कुठे सहा झालीत.

कंपनीला नाही म्हणायची गरज नाही. त्यांना पत्र लिहू, मी मसुदा करून देते. ध्वनिमुद्रणं विकत नाही, पाच वर्षांसाठी वापरायला देते. फक्त भारतात, फक्त या पाच गाण्यांपुरतं. व्हिडिओचा खर्च त्यांचा. कलम २ आणि ९ काढून टाका. ते हो म्हणतील किंवा म्हणणार नाहीत. नाही म्हणाले तर तुझी गाणी आहेत तिथेच आहेत, आणि आपण ती पूर्वीसारखी स्वतः टाकू. वितरणाची सोय करणाऱ्या सेवा आहेत, त्या मास्टर मागत नाहीत. आणि गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या कॉपीराइट सोसायटीचं सभासदत्व तू अजून घेतलेलं नाहीस, यावर मात्र मी तुला रागावणार आहे. मागे एका मालिकेत तुझं गाणं वाजलं, नाव लागलं नाही, पैसे आले नाहीत, आणि तू "जाऊ दे" म्हणालीस. आता जाऊ द्यायचं नाही. तू गीतकारही आहेस आणि संगीतकारही, दोन्ही रकान्यांत नाव घाल.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने येते. त्याआधी एक काम कर. स्टुडिओवाल्याकडे मूळ सेशनच्या फायली पडून आहेत, त्या दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर घे आणि एक माझ्यासाठी काढून ठेव. आजींच्या निळ्या वहीचे सगळ्या पानांचे फोटोही काढ. ओव्यांच्या कडेला त्यांनी पेन्सिलने तारखा लिहिल्यात, त्या नीट दिसल्या पाहिजेत.

आणि तू कपाटात गोधड्या लावून रेकॉर्ड केलेलं ते चौथं गाणं, ज्यात शेवटी पत्र्यावर पाऊस ऐकू येतो, ते स्टुडिओत पुन्हा करू नकोस. तसंच ठेव. पाऊस राहू दे.

तुझीच,
हॉस्टेलच्या गच्चीवरची